नखभर वसंत

रंगपंचमी होऊन गेली होती, पाडवा आठवड्यावर आला होता. अशा मधल्या रविवारी भाची आली आणि चपला काढायच्या आधीच तिनं हातातली पिशवी माझ्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. नेलपॉलिशच्या सात बाटल्या गडगडत आल्या. एक तर कैरीच्या फोडींच्या ताटलीला जाऊन टेकली.

"आत्या, पाडव्याला यातला कुठला लावू?"

मी चष्मा चढवून बाटल्या ओळीनं मांडल्या. फिकट जांभळा, पिस्ता, आकाशी, बाळगुलाबी, लिंबाच्या सरबताचा पिवळा, पीच आणि एक दुधाळ पांढरा.

"पाडवा आहे की कुणाचं बारसं?"

"झालं सुरू! अगं, हे वसंताचे रंग आहेत. पेस्टल. दर वसंतात हेच असतात."

"कुणाच्या वसंतात?"

या एका प्रश्नात आमची दुपार गेली. माझी बाजू आधीच सांगून टाकते, उगाच तटस्थपणाचा आव नको. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि रंगांच्या बाबतीत मी हट्टी आहे. भाची रसायनशास्त्र शिकली. विक्रोळीच्या बाजूला प्रसाधनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या टेबलावर दिवसभर हेच असतं. माझ्या आईच्या वेळी कंपनी कुठलीही असो, बायका त्याला 'क्युटेक्स'च म्हणायच्या. मी नेलपॉलिश म्हणते, भाची नेलपेंट. ती रंगाकडे बाटलीच्या आतून बघते, मी बाहेरून.

"आज सकाळी येऊरच्या डोंगरावर जाऊन आले," मी म्हटलं. "पळस संपत आलाय, पण आहे अजून. पांगारा आहे. काटेसावरीखाली फुलांचा सडा पडलाय. आणि कुसुंब असा पेटलाय की लांबून बघणाऱ्याला वाटावं, फुलंच आली. फुलं नाहीत ती, कोवळी पानं. आपल्याकडे फाल्गुनात निम्मी झाडं उघडी असतात आणि रंग येतो तो थेट त्या उघड्या फांदीवर येतो. शेंदरी, लाल, किरमिजी. तुझ्या सात बाटल्यांत त्यातला एक नाही. हा बर्फ वितळल्यानंतरचा वसंत आहे. तिकडे चार महिने पांढरं नाहीतर करडं बघून डोळे आंबतात, मग जमिनीतून क्रोकस, प्रिमरोज असली नाजूक फुलं वर येतात, ईस्टरची अंडी त्याच रंगांत रंगतात. त्यांना ते शोभतं. आपल्याकडे या दिवसांत काय वितळतं? डांबर."

"झालं तुझं?"

"नाही."

"मग मध्येच बोलते. तू येऊरला जातेस, मी रोज ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं जाते. घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात टॅबेबुया फुलतो तेव्हा तुला एकदा घेऊन जायला हवं. पान नाही, नुसती फुलं. लोक गाड्या हळू करून फोटो काढतात. आणि रंग कुठला? हा." तिनं बाळगुलाबी बाटली माझ्यासमोर सरकवली.

"तो झाडांतला पाहुणा. मूळचा मध्य अमेरिकेकडचा."

"बरं. आणि तुझ्या एकादशीची खिचडी? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला, मिरची तिकडचीच, दाणेसुद्धा. तुझा उपास पाहुण्यांनीच सांभाळलाय की."

तूप तेवढं आपलं, असं मी पुटपुटले. ते तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

"आणि फ्रिजच्या दारात तू जी बाटली ठेवलीयस," ती उठून घेऊन आली, "लोणच्याच्या बरणीशेजारी, ही. लॅक्मे. टाटा ऑइल मिल्सनं १९५२ साली हा धंदा काढला तेव्हा नाव कुठून घेतलं? पॅरिसच्या एका ऑपेरावरून. १८८३ सालचा ऑपेरा, देलिबचा. त्यातली नायिका हिंदुस्थानातली, पुजाऱ्याची मुलगी, आणि तिचं नाव म्हणजे आपली लक्ष्मी. लक्ष्मी पॅरिसला जाऊन लॅक्मे होऊन परत आली आणि तुझ्या फ्रिजमध्ये बसली. आता यातला पाहुणा कोण आणि घरचा कोण, तूच ठरव."

ती बाटली शेंदरी होती. पाच वर्षांपूर्वीच्या एका लग्नात घेतलेली, निम्म्याच्या वर भरलेली.

"ठीक आहे, झाडं सोड," मी म्हटलं. "पण फिकट म्हणजे वसंत, हे ठरवलं कुणी?"

"हे मात्र तुझ्या बाजूनं बोलते. ते झाडांनी ठरवलेलं नाही, विक्रीखात्यानं ठरवलंय." भाचीला आपल्या धंद्याची कुलंगडी सांगायला फार आवडतात. "न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली रेव्हसन नावाचे दोन भाऊ आणि लॅकमन नावाचा एक रसायनाचा माणूस, असे तिघं एकत्र आले. लॅकमनचा 'एल' मध्ये घातला आणि रेव्हलॉन झालं. तोपर्यंत नेलपेंट बहुतेक पारदर्शकच असायचं, फिक्या गुलाबी काचेसारखं. यांनी त्यात रंगद्रव्य घालून ते दाट केलं. मग ओठांचा आणि नखांचा रंग एकच असावा, असं बायकांना पटवलं. मग दर हंगामाला नवा रंग, नवं नाव. लुगड्यांची फॅशन बदलते तशी नखांची."

"म्हणजे एक बाटली संपायच्या आत दुसरी घ्यायला लावायची."

"आत्या, नेलपेंटची संपलेली बाटली तू आयुष्यात कधी बघितलीयस?"

नव्हती बघितली. माझ्याच काय, कुणाच्याच घरी नाही. नेलपॉलिश संपत नाही, ते घट्ट होतं.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "स्प्रिंग-समर म्हणून जे कपडे पॅरिस-मिलानला दाखवतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात दाखवतात. म्हणजे आपल्याकडे नवरात्र चालू असतं तेव्हा तिकडे पुढच्या वर्षीचा वसंत ठरलेला असतो. त्या कपड्यांवर जाणारे रंग मग आम्ही सगळे काढतो."

"सगळे तेच?"

"कुठेही जा, पळसाला पानं तीनच. लव्हेंडर, पिस्ता, पीच."

"पळसाचं नाव काढलंस ते बरं केलंस." मला संधीच हवी होती. "पळस आणि कुसुंब, दोन्ही झाडांवर लाख धरते. त्या लाखेतून अळत्याचा लाल निघायचा. तुझे ते रेव्हसनबंधू जन्मायच्या कितीतरी आधी नवरीच्या पावलांना अळता लावायचे, बोटांची टोकं रंगवायचे. म्हणजे मी ज्या झाडाचा रंग लाव म्हणतेय, त्याच झाडावरून बायकांच्या बोटांवर रंग येत होता. ही आपली परंपरा."

"तो रंग झाडाचा नाही, लाखेच्या किड्याचा. पळसाच्या फुलांचा रंग पाण्यात उतरतो तो पिवळसर केशरी, तुझ्या रंगपंचमीचा. चित्रकलेच्या बाईंनी शास्त्रात हात घालू नये."

तरीही किड्याला खायला झाड लागतंच, असं मी म्हणून घेतलं. माझ्या आईनं आयुष्यात नखाला क्युटेक्स लावलं नाही, तिला त्याचा वास सोसायचा नाही. संक्रांतीच्या सुमारास ती बोटांच्या टोकांना मेंदी लावायची, नखांसकट. कातडीवरची मेंदी पंधरा दिवसांत उडायची, नखावरची राहायची. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. पण संक्रांतीची मेंदी पाडव्याच्या सुमारास निम्म्या नखावर सरकलेली असते आणि तळाशी कोरं नख चंद्रकोरीसारखं वर आलेलं असतं, हे मी लहानपणापासून बघत होते. आई गुढीला साखरेची गाठी बांधायची तेव्हा तिच्या नखांवर अर्धा हिवाळा शिल्लक असायचा. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, हे सुंदर आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला."

मग ती कामाला लागली. पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर एकेक रंग ओढला. वाळल्यावर पट्टी नखावर ठेवून बघायची, म्हणजे रंग नखाला लावायला नको, पुसायला नको. मी ट्यूबखाली बघायला लागले तर तिनं माझा हात धरून मला गॅलरीत नेलं. "दुकानातल्या दिव्याखाली सगळे फसतात. दिवसाच्या उजेडात बघ." एवढं मीही वर्गात सांगायची, फक्त साडीच्या बाबतीत.

फिकट जांभळी पट्टी तिच्या मधल्या बोटावर होती. भाचीचा वर्ण गव्हाळपेक्षा एक पायरी सावळा, माझ्यासारखा. मी बघत राहिले, आणि मला जे दिसलं ते इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

"हा रंग फिकट नाहीये," मी म्हटलं.

"अगं, बाटलीवर बघ की. लायलॅक—"

"बाटलीवरचं सोड. रंग फिकट की गडद हे तो एकटा ठरवत नाही, शेजारी ठरवतात. करड्या कागदाचा एकच तुकडा मी वर्गात आधी पांढऱ्या कागदावर ठेवायची, मग काळ्यावर. पोरांना खरंच वाटायचं नाही की तुकडा तोच आहे. फ्रान्समध्ये गोबेलँच्या कारखान्यात शेव्हरल म्हणून एक रसायनशास्त्रज्ञ होता, तुझ्याच जातीचा. रंगखात्याचा प्रमुख. काळं सूत काळं दिसत नाही, अशी तक्रार आली. त्यानं सूत तपासलं, रंग चोख होता. दोष होता तो शेजारी विणलेल्या रंगांचा. त्यावर त्यानं १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. आता तुझं बोट बघ. गोऱ्या हातावर हा जांभळा कातडीच्या आसपासचाच असतो, म्हणून तिथे तो कुजबुजतो. आपल्या हातावर नख बोटापेक्षा एकदम उजळ होतं. फळ्यापुढे खडू धरावा तसं. इथे तो ओरडतो."

भाचीनं हात लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला. मग आत जाऊन माझी शेंदरी बाटली घेऊन आली. ती घट्ट झाली होती. तिनं पिशवीतून थिनरची कुपी काढून दोन थेंब घातले. (रिमूव्हर घालू नये म्हणे, त्यानं पॉलिश बिघडतं. मी आजवर तेच घालत आले.) एक पट्टी रंगवली, वाळवली, शेजारच्या बोटावर ठेवली.

शेंदरी गप्प बसला. खरंच. बाटलीत जो जळत होता तो सावळ्या कातडीवर टेकला आणि घरचाच असल्यासारखा झाला. आपल्या कातडीत मुळात तांबूस-पिवळी झाक असते. शेंदरी त्याच घराण्यातला, थोडा मोठ्या आवाजात बोलणारा भाऊ. हात एकसंध दिसत होता.

"बघितलंस?" मी जिंकल्याच्या सुरात म्हटलं. "म्हणून म्हणते, शेंदरी लाव."

भाची हसायला लागली. "आत्या, म्हणजे इतका वेळ तू मला गप्प बसायचा रंग लाव म्हणत होतीस! मला वाटलं, तू भडक रंगाची बाजू घेतेयस आणि मी सौम्य रंगाची. उलटंच आहे. मला पाडव्याला ओरडायचंच आहे."

यावर माझ्याकडे खरं तर उत्तर नव्हतं. मघापासून पळसाच्या आगीबद्दल बोलून मी तिला सुचवला तो सगळ्यात मिळून-मिसळून वागणारा रंग. आणि ती जे बारशाचे पेढे घेऊन आली होती ते तिच्या हातावर जाताक्षणी बंड करत होते. तिकडच्या बायकांना हा रंग सौम्य म्हणून विकतात. इथे तोच रंग लावायला धीर लागतो. पण शिक्षकीची सवय अशी की निरुत्तर झालं तरी चूक काढायला काहीतरी सापडतं.

"ओरडायचं तर नीट ओरड. हे पट्टे काय पडलेत? सारवल्यासारखं दिसतंय."

"हां. हे बरोबर बोललीस." ती एकदम प्रयोगशाळेतली झाली. "फिकट रंग आमच्याकडे सगळ्यात अवघड. लाल काढणं सोपं आहे."

"का?"

"पांढऱ्यामुळे. पेस्टल म्हणजे काय? थोडा रंग आणि पुष्कळ पांढरा."

"ते मला सांगू नकोस. पोस्टर कलरमध्ये पांढरा मिसळला की चित्र खडूनं रंगवल्यासारखं होतं, हे मी प्रत्येक वर्गाला ओरडून सांगितलंय."

"तेच इथे. तो पांढरा म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइड. पाण्याच्या चौपट जड. बाटलीत तळाशी बसायला बघतो. त्याला तरंगत ठेवायला आम्ही एक प्रकारची चिकणमाती घालतो. त्या मातीमुळे नेलपेंट दह्यासारखं वागतं, ठेवलं की घट्ट, ढवळलं की पातळ. लाल रंग थोडा पारदर्शक असतो, कुंचल्याचे ओरखडे झाकून घेतो. पांढऱ्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. त्यात हे दिवस. खिडकीत पस्तीस डिग्री. नेलपेंट म्हणजे नायट्रोसेल्युलोजची पातळ कातडी, उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेली. बंदुकीच्या दारूच्या घराण्यातली वस्तू आहे ती. १९२० च्या दशकात मोटारींवर झटपट वाळणारा लॅकर मारायला लागले तो याच जातीचा. उन्हाळ्यात द्रावक भराभर उडतो, कुंचला नखाच्या टोकाला पोचायच्या आत मागचा थर वाळायला लागलेला असतो. झाले पट्टे."

"मग पंखा लावून बस."

"पंखा तर आधी बंद कर. वरची साय लवकर धरते आणि आतली हवा अडकून बुडबुडे येतात. बाटली खदाखदा हलवायची नाही, त्यानंही बुडबुडे. रवी फिरवतात तशी तळव्यात फिरवायची. मग तीन फटकारे. मधला, आणि कडेचे दोन. कातडीला टेकायचं नाही, केसभर जागा सोडायची. पहिला थर घाणच दिसतो, त्याला डागडुजी करत बसायचं नाही. थांबायचं. दुसरा थर त्याला झाकतो."

तीन फटकारे हे मला आवडलं. जलरंगात आभाळ भरताना आम्ही हेच सांगतो: एकदा ओढलेल्या पट्ट्यावर परत जायचं नाही. चित्रकलेच्या तासाला दहापैकी आठ पोरं तिथेच मार खायची.

"त्यापेक्षा पार्लरमध्ये जाऊन ते दिव्याखालचं करून घे," मी सुचवलं. "शेजारची करते. पंधरा दिवस हलत नाही."

"जेल? नको. नीट कडक न होता कातडीला लागलं तर त्याची ॲलर्जी आयुष्यभर मागे लागते. ते कडक करायला लागणारा टीपीओ नावाचा एक घटक युरोपनं १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच केलाय. आणि मला पंधरा दिवस एकच रंग नको."

जेलचा विषय तिथेच मिटला. माझा हुकमी पत्ता अजून बाकी होता आणि तो स्वयंपाकघरात होता.

"हे बघ," मी म्हटलं. "तिकडच्या बायका वसंतात ट्युलिपच्या बागेत फिरतात. आपण काय करतो? आपला चैत्र हळदीचा आहे. तीजेला गौर बसते, मग अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकू. कैरीची डाळ वाटायची, तिच्यावर हळदीची फोडणी. आल्यागेल्याला हळद लावायची, तीही बोटानं. तुझ्या लव्हेंडरचं काय होईल ठाऊक आहे?"

"वरून टॉपकोट लावीन."

"चल, करूनच बघू."

प्लॅस्टिकच्या डब्याच्या एका पांढऱ्या झाकणावर तिनं दोन ठिपके काढले, एक लव्हेंडर, एक माझा शेंदरी. दोन्हींवर टॉपकोट. वाळल्यावर मी गरम तेलात हळद कालवून बोटानं दोन्हींवर थापली आणि आम्ही जेवून घेतलं. पाऊण तासानं पुसलं. शेंदरीला काही झालं नव्हतं, म्हणजे झालं असेल तर दिसत नव्हतं. लव्हेंडर मात्र काविळीच्या डोळ्यांसारखा दिसायला लागला होता. जांभळ्यावर पिवळा, दुसरं काय होणार. वर्गातल्या रंगचक्रात ते दोघं समोरासमोर बसतात आणि भेटले की एकमेकांना मळवतात.

मी काही बोलले नाही. नुसतं झाकण तिच्यापुढे धरलं.

भाचीनं ते घेतलं, निरखून बघितलं. "आत्या, मी तुझ्याकडे राहायला असायची तेव्हा शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर वरण सांडलं की तू काय करायचीस?"

"साबण लावून उन्हात टाकायची."

"का?"

"हळदीचा डाग उन्हात जातो म्हणून."

ती उठली आणि गॅलरीच्या कठड्यावर झाकण ठेवून आली. तिथेच उभी राहिली. मला वाटलं, झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून उभी असेल.

"आत्या, हे झाड कुठलं?"

"करंज."

"इकडे ये."

या इमारतीत मी सव्वीस वर्षं राहते. करंज माझ्या गॅलरीच्या नाकासमोर आहे. पहाटे पाचला उठून रिक्षा करून मी वसंत बघायला येऊरला जाते, आणि या झाडाखाली माझी रिक्षा उभी असते. करड्या खोडावर, मागच्या वर्षीच्या उरल्यासुरल्या काळपट पानांच्या मधून, ताजी पालवी फुटली होती. ओली असल्यासारखी चमकत होती. तिचा रंग पिस्त्याचा होता. आणि पालवीच्या बगलेत फुलांचे तुरे, अजून बरेचसे कळीतच. पांढरट, त्यात गुलाबी-जांभळ्याची किंचित झाक. भाचीनं खिशातून दोन बाटल्या काढून कठड्यावर ठेवल्या, पिस्ता आणि बाळगुलाबी. काही म्हणाली नाही. मघाशी मी झाकण धरलं होतं तसंच हे होतं.

"हा तरी पाहुणा नाही ना?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

नाही. करंज इथलाच. कोकणच्या खाडीकाठचा, नदीकाठचा, त्याच्या तेलाचे दिवे लागायचे. म्हणजे आपल्या वसंतात फिकट रंग नाहीच, हे माझं म्हणणं माझ्याच दारात चूक निघालं. मला पळस दिसतो कारण तो ओरडतो आणि डोंगरावर असतो. करंज दिसत नाही, कारण तो दाराशी असतो आणि त्याची फुलं बघायला मान वर करावी लागते. शिवाय ही पालवी फिकट असून उठून दिसत होती ती जुनी पानं काळपट होती म्हणून. हे मात्र मी तिला मोठ्यानं सांगितलं नाही. एका दिवसात किती हरायचं?

"पिस्ता लाव," मी म्हटलं. "त्यावर हळद लागली तरी पोपटी होईल. पान जून झालं म्हणायचं."

"आणि तू?"

"मी काय, मी म्हातारी."

"शेंदरी लावते तुला. गप्प बसणारा."

चारच्या सुमारास मी झाकण बघितलं. लव्हेंडरवरचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता. अजून दोन तासांचं ऊन होतं, तसंच राहू दिलं. भाचीनं डाव्या हाताची नखं स्वतः रंगवली होती आणि ती छान झाली होती. उजव्या हाताला तिचा डावा हात वळत नव्हता. प्रयोगशाळेत दिवसभर रंग करणाऱ्या मुलीनं अंगठ्याच्या कातडीवर पिस्ता सांडून ठेवला. मी कुंचला तिच्या हातातून काढून घेतला. एवढासा कुंचला, शून्य नंबरपेक्षा जाड, पण टोकाला बरा पसरत होता. बाटली तळव्यात रवीसारखी फिरवली. तिचा हात टॉवेलवर ठेवला. मधला फटकारा, मग कडेचा एक.

"थांब. आधी पंखा बंद कर," मी म्हटलं.

"आत्या, उकडतंय."

"ओरडायचंय ना? मग हात हलवू नकोस."